मूळ माप

आम्ही दोघे मराठी शिकवतो. महाविद्यालय एक, विभाग एक आणि घरही एकच. त्यामुळे विभागातले वाद घरी आणि घरातले विभागात नेण्याची सोय आम्हांला आहे. यंत्रांशी आमचा संबंध मात्र एका जुन्या स्कूटरपुरता होता. पावसाळ्यात ती सकाळी सुरू झाली नाही की कोपऱ्यावरचा मेकॅनिक ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय’ असे सांगे आणि आम्ही माना डोलावून पैसे देत असू. ज्यात कचरा येतो ती वस्तू म्हणजे कार्बोरेटर, एवढीच व्याख्या आमच्यापाशी होती. पुढे त्याच वस्तूने आम्हांला आमच्या व्यवसायातला एक धडा शिकवला. तो शिकताना आमची जी फजिती झाली तीही सांगायला हवी, कारण तिच्यावाचून या लेखाला फारसा अर्थ उरणार नाही.

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही अमेरिकेतील इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराजवळच्या एका गावी गेलो होतो. आमच्यापैकी एकीचा धाकटा भाऊ तेथे नोकरी करतो. सोबत काम होते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका दिवंगत शाळामास्तरांच्या कवितांची वही संपादित करून प्रसिद्ध केली होती. कवी अप्रसिद्ध, पुस्तक लहान, प्रती ३००. त्या संपत आल्या म्हणून दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आम्ही तपासण्यासाठी बरोबर नेली होती. त्या वहीची काही पाने वाळवीने खाल्लेली होती. जेथे शब्द गेले होते तेथे आम्ही ते भरले होते. छंद सांभाळून, मास्तरांची शब्दकळा ध्यानात घेऊन आणि कोठेही जोड दिसणार नाही अशा बेताने. कंस घातले नव्हते. प्रस्तावनेत ‘काही ठिकाणी अक्षरे अस्पष्ट होती’ एवढे एक मोघम वाक्य होते. या कामाचा आम्हांला मनातून अभिमान होता, हे कबूल करतो.

भावाच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ राहत. कारखान्यातून निवृत्त झालेले, विधुर, मितभाषी. त्यांच्या गॅरेजचे दार दिवसभर उघडे असे आणि आत १९६९ सालची शेव्हरले कमारो उभी असे. ती मूळ त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ गेल्यावर यांच्याकडे आली. आमचा भाऊ म्हणाला, “ताई, भाऊजी, तुम्ही दोघं त्यांच्याकडे जाऊन बसा. तेही एका पुस्तकावरून दिवसभर वाद घालत असतात.” ते पुस्तक म्हणजे शर्यतीचे नियमपुस्तक होते. आम्ही त्या गृहस्थांना आपसांत ‘काका’ म्हणू लागलो आणि एकदा तोंडावरही म्हणून गेलो. अर्थ सांगितल्यावर त्यांनी तो शब्द आनंदाने स्वीकारला.

काका ज्या शर्यतीत उतरत तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. तीत वळण नाही, चढ-उतार नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे पिवळे दिवे लागत लागत खाली येतात, हिरवा दिवा लागतो, आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांचे सरळ अंतर जो आधी तोडील तो जिंकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण कोरड्या तळ्यांच्या पात्रांत आणि रस्त्यांवर अशा शर्यती लावत. त्यांना शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली आणि १९६१ पासून ती इंडियानापोलिसला स्थिरावली. दिव्यांचा तो खांब १९६३ सालचा. तत्पूर्वी झेंडा घेतलेला माणूस मध्ये उभा राहून उडी मारी.

या खेळातील सर्वांत वेगवान वाहने विमानासारखी दिसतात आणि भूकंपासारखी ऐकू येतात. त्यांच्याशी आम्हांला कर्तव्य नाही. आमचा विषय ‘स्टॉक’ या वर्गाचा. स्टॉक म्हणजे कारखान्यातून जशी बाहेर पडली तशी गाडी. येथे गाडीचे वजन तिच्या जाहीर अश्वशक्तीने भागतात आणि त्या भागाकारावरून तिचा उपवर्ग ठरतो. हलकी व जोरकस गाडी वरच्या अक्षराच्या वर्गात, जड व मवाळ गाडी खालच्या. म्हणून दुधाच्या बाटल्या पोचवण्याच्या लायकीची वाटणारी एखादी कौटुंबिक गाडीही येथे सन्मानाने धावू शकते. तिची तुलना तिच्या जातीच्या गाड्यांशीच होते.

प्रश्न उद्भवतो तो ‘जशीच्या तशी’ या शब्दांपाशी. पंचावन्न वर्षांची गाडी जशीच्या तशी राहणार कशी? गॅस्केट सडतात, पिस्टन झिजतात, रबर चिरते. किंबहुना शर्यतीत उतरायचे तर पुष्कळ गोष्टी बदलाव्याच लागतात. स्टॉक वर्गातील गाड्यांना कारखान्यात कधीच न मिळालेले गुळगुळीत रुंद टायर असतात, धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या वेगळ्या असतात, आणि सुटताना त्या पुढची चाके हवेत उचलतात. हे सारे नियमात बसते. आम्ही प्रथम हसलो. म्हटले, ही तर शब्दांची चैन झाली. याला स्टॉक म्हणायचे तर मग अनुवादाला मूळ म्हणायला काय हरकत आहे?

काकांनी न हसता नियमपुस्तक आणि त्याच्या जोडीची वर्गीकरणाची जंत्री पुढे केली. त्या जंत्रीत प्रत्येक गाडीच्या प्रत्येक इंजिनासाठी ओळी आहेत: वजन किती, अश्वशक्ती किती धरायची, व्हॉल्व्हचा व्यास किती, ज्वलनकक्षाचे आकारमान किती घनसेंटिमीटर, व्हॉल्व्ह किती उंच उचलला जावा, आणि कार्बोरेटर कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा, त्याच्या भोकांचे व्यास किती. भाग बदलता येतो. बदलून काय बसवता येईल हे लिहिलेले आहे. पिस्टन, सिलिंडर-हेड अशा वस्तूंच्या मान्य पर्यायांच्या याद्या आहेत. एका इंजिनाला चालणारा पर्याय दुसऱ्याला चालेलच असे नाही. या पुस्तकाला ‘अबदल’ नावाची कल्पनाच ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहेत त्या दोनच गोष्टी: काय सुटे आहे आणि काय बांधलेले आहे.

उदाहरणार्थ, कॅमशाफ्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा हा दांडा. तो व्हॉल्व्हला किती उंच उचलतो हे बांधलेले आहे. किती वेळ उघडे ठेवतो हे सुटे आहे. पट्टीचे जाणकार या सुट्या जागेत आयुष्य घालवतात. उंची तीच ठेवून कालावधी वाढवायचा, चढण अधिक उभी करायची, आणि एक दशांश सेकंद मिळवायचा. वृत्तात लिहिणाऱ्या कवीला हे सांगायला नको. मात्रा ठरलेल्या असतात. त्यांच्या आत काय करायचे ते त्याचे.

कार्बोरेटरचे तसेच. त्याचे काम हवेत पेट्रोल मिसळण्याचे. नळीचा गळा मध्ये आवळलेला असतो. हवा त्या आवळलेल्या जागेतून जाताना वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि बाजूच्या बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. या आवळलेल्या गळ्याला व्हेंचुरी म्हणतात, ज्या इटालियन शास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा गुण वर्णिला त्याच्या नावावरून. पेट्रोलचे माप ठरवणारी छोटी पितळी जेट आणि त्यांत वरखाली होणाऱ्या सुया स्पर्धकाने हव्या तशा बदलाव्यात. सकाळची गार हवा आणि दुपारची उष्ण हवा यांना वेगळे प्रमाण लागते, ते त्याने जुळवावे. गळ्याचा व्यास मात्र बांधलेला. इंधन किती घ्यायचे ते तुमचे. वारा किती घ्यायचा ते नियमाचे. ही वाटणी आम्हांला फार आवडली.

काकांच्या गाडीचे इंजिन ३५० घनइंचांचे, कारखान्याने जाहीर केलेली ताकद ३०० अश्वशक्ती, आणि कार्बोरेटर रॉचेस्टर कंपनीचा क्वाड्राजेट. हा १९६५ साली बाजारात आला. त्याला चार नळ्या असतात. पुढच्या दोन लहान, तळाशी सुमारे ३५ मिलिमीटरच्या. मागच्या दोन मोठ्या, सुमारे ५७ मिलिमीटरच्या. साध्या चालीत लहान नळ्यांवर भागते, पाय पूर्ण दाबला की मोठ्या उघडतात आणि गाडी एक खोल, घशातला आवाज काढते. काका त्या आवाजाचे वर्णन करताना डोळे मिटत. पण हे यंत्र जस्ताच्या मिश्रधातूचे, ओतीव. पन्नास वर्षांत त्याचे पृष्ठभाग वाकतात, थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजून हवा गळू लागते, तळाच्या बुचांमधून पेट्रोल पाझरते. आतला हलका तरंगता ठोकळा पेट्रोल पिऊन जड होतो आणि बुडू लागतो. झिजलेल्या भोकांत पितळी कड्या ठोकाव्या लागतात, बुचे चिकटवावी लागतात, ठोकळा बदलावा लागतो. हे सर्व करूनही एके दिवशी मुख्य धडच तडकते. काकांचे तसेच झाले होते. भावाच्या हातचा तो कार्बोरेटर त्यांनी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवला होता.

जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांनी दुसरा आणला. क्वाड्राजेटच्या धडावर एका कडेला सात आकडे ठोकलेले असतात. साठीच्या दशकातील आकडे ७०२ ने सुरू होतात आणि चौथा आकडा वर्षाचा शेवटचा अंक सांगतो. म्हणजे ७०२९ असेल तर १९६९. आणलेल्या कार्बोरेटरवर ७०२९ होते. पुढचे तीन आकडेही हवे तेच होते. विक्रेत्याने त्या आकड्यांचीच किंमत घेतली होती.

गुरुवारी रात्री, शनिवारच्या शर्यतीच्या तयारीत, काकांनी तो उघडला. आम्ही दोघे स्टुलांवर बसून पाहत होतो. त्यांच्यापाशी ठरावीक व्यासाच्या गुळगुळीत दांड्या होत्या. योग्य मापाची दांडी पुढच्या नळीच्या गळ्यात अडकायला हवी होती. ती आत पडली. त्यांनी ती काढली, पुन्हा घातली, पुन्हा पडली. मग मोठी दांडी घेतली, ती बसली. पुढच्या नळ्यांचा गळा १ ३/३२ इंचांचा हवा होता, तो १ ७/३२ इंचांचा निघाला. फरक एक अष्टमांश इंचाचा, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर. पहिल्या मापाचा क्वाड्राजेट मिनिटाला ७५० घनफूट हवा घेऊ शकतो, दुसऱ्या मापाचा ८००. बाहेरून दोन्ही भावंडांसारखे दिसतात. काकांनी दिवा जवळ आणून आकड्यांची जागा पाहिली. तेथला धातू शेजारच्या धातूहून गुळगुळीत होता. कुणीतरी मूळ आकडे घासून काढून नवे ठोकले होते.

हे काम बहुधा शर्यतीसाठी केलेले नव्हते, असे काकांनी सांगितले. जुन्या गाड्यांचा संग्रह करणाऱ्यांना आकड्यांचे वेड असते. इंजिनावरचा, गिअरपेटीवरचा, कार्बोरेटरवरचा आकडा गाडीच्या जन्माशी जुळला पाहिजे. जुळला की किंमत वाढते. त्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे चरित्र: हीच वस्तू, याच गाडीवर, त्याच दिवशी होती. शर्यतवाल्यांच्या दृष्टीने मूळ म्हणजे माप. भावाचाच कार्बोरेटर हवा असा त्यांच्या पुस्तकाचा आग्रह नाही. त्याच जातीचा, त्याच मापाचा कोणताही चालेल. चरित्राचा पुरावा ठोकता येतो. नळीचा गळा दांडी घातली की खरे सांगतो.

आमच्यापैकी एकाने विचारले, “शनिवारी कुणी उघडून पाहणार आहे का?”

मोठ्या स्पर्धांत वर्गविजेत्यांची इंजिने तपासणीच्या शेडमध्ये नेऊन सुटी करतात, हे आम्ही त्यांच्याकडूनच ऐकले होते. शनिवारची शर्यत लहान होती.

“नाही,” काका म्हणाले. “बहुतेक कुणीच नाही.”

मग त्यांनी दांड्या पुसून पेटीत ठेवल्या. शनिवारी ते आमच्याबरोबर प्रेक्षक म्हणून आले.

त्या दिवशी बाकावर बसून त्यांनी आम्हांला आणखी एक गोष्ट समजावली. स्टॉक वर्गात वेगवेगळ्या उपवर्गांतील गाड्या समोरासमोर येतात तेव्हा प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत अंतर तोडील ते आधी सांगतो आणि काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशने लिहितो. त्यानुसार संथ गाडीला आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा अधिक वेगाने गेलात तर तुम्ही बाद. स्वतःविषयी केलेल्या विधानाहून चांगले निघणे हाही येथे दोष आहे. एकाच उपवर्गातील दोन गाड्या समोर आल्या तर मात्र ही सवलत उठते. दोघे एकदम सुटतात आणि जो पुढे तो विजयी. तेव्हा त्या तीन मिलिमीटरांचे मोल कळते.

नियम करणारे आणि मूळ वस्तू बनवणारे यांच्यातील झगडाही जुना आहे. फोर्ड कंपनीने १९६८ साली ४२८ घनइंचांचे कोब्रा जेट इंजिन घातलेल्या मस्टँग गाड्या पोमोनाच्या हिवाळी स्पर्धेत उतरवल्या. इंजिनाची जाहीर ताकद ३३५ अश्वशक्ती होती. ती फारच कमी सांगितली आहे हे धावपट्टीवर सर्वांना दिसले. कमी सांगितले की सोपा वर्ग मिळतो. म्हणून संघटना कारखान्याच्या आकड्यावर विसंबत नाही; गाड्या प्रत्यक्षात कशा धावतात ते पाहून ती अश्वशक्तीचा आकडा स्वतः वाढवते. अलीकडची गंमत वेगळीच. फोर्डने २००८ साली ५० कोब्रा जेट मस्टँग आणि शेव्हरलेने २०१२ साली ६९ कोपो कमारो केवळ धावपट्टीसाठी बनवल्या. त्यांना रस्त्यावर चालवण्याची परवानगी नाही, तरी त्या स्टॉक वर्गातच धावल्या. तेव्हा कारखान्याचे नाव हा काही मूळपणाचा दाखला नव्हे. लेखकाच्या हातची प्रतसुद्धा निर्दोष नसते, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना नवे नाही. पण आम्ही ते शिकवत होतो, मानत होतो की नाही हा प्रश्न त्या बाकावर पहिल्यांदा मनात आला.

दहाबारा दिवसांनी काकांना एका वृद्ध मेकॅनिककडून तिसरा क्वाड्राजेट मिळाला. माप अचूक होते. पण त्याच्या धडावर रॉचेस्टरबरोबर कार्टर या कंपनीचेही नाव होते. एके काळी मागणी पुरी करण्यासाठी रॉचेस्टरने आपल्या या प्रतिस्पर्धी कंपनीकडून क्वाड्राजेट बनवून घेतले होते आणि त्यांवर तसे उघड लिहिलेले असे. मग हा रॉचेस्टर म्हणायचा की कार्टर? आम्हांला वाटले, आता काका नाव झाकतील. त्यांनी उलट केले. शर्यतीच्या सकाळी ते तपासनिसांकडे गेले, झाकण काढले, नावावर बोट ठेवले, दांडी घालून दाखवली आणि म्हणाले, “हा असा आहे. चालत नसेल तर आत्ताच सांगा.” दोन तपासनिसांनी पाहिले, जंत्री उघडली, आपसांत बोलले आणि मान डोलावली. काका पहिल्याच फेरीत बाद झाले. काचेवर ११.२८ लिहिले होते, गाडी ११.२६ मध्ये पोचली. नवा कार्बोरेटर त्यांच्या अंदाजापेक्षा चांगला निघाला होता. घरी येईपर्यंत ते हसत होते.

त्या रात्री आम्ही मुद्रिते पुढ्यात घेतली आणि बराच वेळ कुणीच बोलले नाही.

सांगायचे राहिले ते असे. मास्तरांच्या वहीत विहिरीवर एक कविता आहे. तिच्या शेवटच्या कडव्यात विहिरीचे विशेषण वाळवीने खाल्ले होते. काठावर वेलांटीचा एक शेपूट तेवढा उरला होता. छंदाला दोन अक्षरे हवी होती. आम्ही ‘मुकी’ हा शब्द बसवला. फार छान बसला. पुस्तक आल्यानंतर एका परीक्षणात त्याच शब्दाची वाखाणणी झाली. आमच्या एका विद्यार्थिनीने मास्तरांच्या कवितेवर लघुप्रबंध लिहिला आणि त्यातील एक प्रकरण ‘मौनाची प्रतिमा’ या कल्पनेवर उभे केले. मार्गदर्शक आमच्यापैकीच एक होते. तिने ‘मुकी’ या शब्दावर चार पाने लिहिली. आम्ही ती तपासली, ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले आणि गप्प राहिलो.

भरलेल्या शब्दाची आम्हांला आता लाज वाटत नाही. तडकलेल्या धडाच्या जागी दुसरे बसवावेच लागते. लाज वाटते ती आकडे घासून पुन्हा ठोकल्याची. ‘मुकी’ वर आम्ही मास्तरांच्या नावाचा शिक्का मारला होता. आणि आमच्या क्षेत्रात तपासणीची शेड नाही. वहीची एकच प्रत, ती आमच्या कपाटात. उघडून पाहणारे कुणी नाही. ज्यांनी हा मोह ओळखला होता ते आमच्या आधीच होऊन गेले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा सुकथनकरांनी ज्या पाठाची खात्री नाही त्याखाली नागमोडी रेघ ओढण्याची पद्धत ठेवली. त्या रेघेविषयी आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. परीक्षेतही विचारतो.

परत आल्यावर आम्ही वही काढली. काकांच्या दांड्या डोळ्यांपुढे होत्या, म्हणून एक साधी प्लॅस्टिकची पट्टी घेतली. हे पूर्वी सुचले नव्हते, याचे आता नवल वाटते. मास्तरांचे अक्षर वळणदार आणि कमालीचे एकसारखे. आयुष्यभर फळ्यावर आणि पुस्तीत लिहिलेले. ‘मुकी’ हा शब्द वहीत अन्यत्र दोनदा आला आहे. एके ठिकाणी तो १३ मिलिमीटर जागा घेतो, दुसऱ्या ठिकाणी १४. वाळवीने खाल्लेली जागा दोन्ही बाजूंच्या शाबूत अक्षरांमध्ये, शब्दांमधले अंतर वगळून, ९ मिलिमीटर भरली. पुन्हा मोजली, तेवढीच भरली.

आमचा शब्द तेथे बसत नव्हता. ‘जुनी’ बसत नव्हता, ‘ओली’ बसत नव्हता. तेथे एकच अक्षर मावत होते. म्हणजे एकतर मास्तरांचा छंद त्या ओळीत मोडला होता, किंवा त्यांनी तो जाणूनबुजून मोडला होता. आम्ही केवळ शब्द घातला नव्हता. त्यांची मोडलेली ओळ सरळही करून टाकली होती. वेलांटी असलेले एकच अक्षर कोणते असू शकेल याचे दोन-तीन तर्क आम्हांला त्याच क्षणी सुचले. त्यांपैकी एकाने तर अख्खी कविताच वेगळी होते. तो येथे लिहीत नाही. एकदा लिहिला की तो चार ठिकाणी मास्तरांचा म्हणून फिरू लागेल, हे आता आम्हांला चांगले माहीत आहे.

वहीत अशा एकूण ११ जागा निघाल्या. विद्यार्थिनीला आम्ही घरी बोलावले, वही पुढे ठेवली आणि सांगितले. तिचा प्रबंध केव्हाच स्वीकारला गेला होता, तिला नोकरीही लागली होती. ती बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी चार पानं तुमच्यावर लिहिली, मॅडम?” तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

दुसरी आवृत्ती निघाली तिच्यात त्या ११ जागी चौकटी कंस आहेत. दहा कंसांत आमचे शब्द आहेत आणि खाली तळटीप: शब्द संपादकांचा, मूळ जागा अमुक मिलिमीटर. विहिरीच्या कवितेतला कंस रिकामा ठेवला आहे. पहिल्या आवृत्तीच्या ज्या प्रतींचा पत्ता लागला त्यांत चिकटवण्यासाठी एक छापील पट्टी पाठवली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दोन प्रतींत ती आम्ही स्वतः चिकटवली. नव्या आवृत्तीतील त्या पानाचे छायाचित्र भावामार्फत काकांनाही पाठवले. त्यांना मराठी येत नाही, पण कंस ओळखता आला. त्यांनी उलट विचारले, तो रिकामा का आहे? आम्ही कळवले की तेथे बसणारा भाग अजून मिळालेला नाही.